महागडी तार आणि गाण्याचा गोडवा

इंटरनेटवरून येणारे गाणे यंत्रापर्यंत पोचवणारी तार जितकी महाग तितका आवाज निर्मळ, असा समज काही हौशी श्रोत्यांत रुजला आहे. अशा तारा शेकडो डॉलरना विकल्या जातात. माझ्या मते हा पैसा पाण्यात जातो.

ग्रामोफोनच्या तारेतून गाण्याची लहरच विद्युतरूपाने धावते. तारेत खरखर शिरली की ती गाण्यातही शिरते. अंकीय ध्वनीची गोष्ट निराळी. सीडीच्या दर्जाच्या गाण्यात डाव्या व उजव्या बाजूसाठी दर सेकंदाला ४४,१०० वेळा लहरीची उंची मोजून ती १६ बिटांच्या संख्येत लिहितात. म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट झाले. साधी तारही सेकंदाला १० कोटी बिट सहज वाहते!

हे बिट पुडक्यांतून जातात. प्रत्येक पुडक्याला ३२ बिटांची पडताळणी-संख्या जोडलेली असते. पोचलेल्या बिटांवरून यंत्र तेच गणित पुन्हा करते. उत्तर जुळले नाही, तर ते पुडके टाकून दिले जाते व बहुधा पुन्हा मागवले जाते. तार खरोखर खराब असेल, तर गाणे अडखळेल किंवा थांबेल. पण तंबोरा अधिक सुरेल होणार नाही. कोणता बिट तंबोऱ्याचा, हे तारेला काय ठाऊक?

काही तारांवर तर संकेताची दिशा दाखवणारा बाण असतो! पुडके मिळाल्याची पावती त्याच तारेतून उलट जाते, त्याचे काय?

पुडकी मागेपुढे येतात, हे खरे. पण ती आधी स्मृतीत साठतात, आणि तेथून एकेक संख्या ठरल्या क्षणी उचलण्याचे काम यंत्रातील स्फटिक-घड्याळ करते. नळाला पाणी कसेही येवो, टाकी भरलेली असली की तोटीची धार सारखीच.

एक शंका मात्र रास्त आहे. धातूचे आवरण असलेल्या तारेमुळे दोन यंत्रांच्या भू-जोडण्या एकमेकींना जोडल्या जाऊन स्पीकरमध्ये कधी कधी घुमघुम ऐकू येते. गंमत अशी, की बिनआवरणाची स्वस्त तार लावली की ती बहुधा जाते.

तरीही कोणी ‘मला फरक ऐकू येतो’ म्हणाले, तर त्यांना हसू नका. तारा पडद्याआड ठेवा, नाणे उडवून कोणती लावायची ते ठरवा, आणि १० वेळा ओळखायला सांगा. नुसत्या अंदाजाने दहाही उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १,०२४ मध्ये १ आहे. तार बदलणाऱ्यानेही पडद्याआडच राहावे. त्याच्या चेहऱ्यावरूनच उत्तर कळते!