तेलाची टाकी कोठें असावी ?

गेल्या सत्रांत दहावीच्या वर्गांत मोटारीच्या इंजिनाविषयीं बोलणें निघालें असतां एका विद्यार्थ्यानें फळ्यावर शर्यतीच्या धर्तीच्या एका हलक्या गाडीची आकृति काढली, आणि तींत तेलाची टाकी अगदीं मागें, सामानाच्या खणांत दाखविली. "तेथेंच कां ?" असें विचारतां तो म्हणाला, "सर, तेथें जागा रिकामी आहे." वर्गाला हें उत्तर पटलें. मला पटलें नाहीं. परंतु तास संपला, आणि जें सांगावयाचें राहिलें तें या पानांतून सांगत आहें.

प्रथम ही निराळी टाकी हवीच कशाला ? साध्या मोटारींत इंजिनाच्या बुडाशीं एक पसरट पात्र असतें, त्यास सम्प म्हणतात. तेल त्यांत सांठतें व पंप तेथूनच तें ओढून बेअरिंगांकडे धाडतो. कचेरीला व बाजाराला जाणाऱ्या गाडीस एवढी व्यवस्था पुरेशी आहे. परंतु गाडी वेगानें वळली म्हणजे तेल वळणाच्या बाहेरच्या अंगास चढतें. वळणावरील त्वरण गुरुत्वत्वरणाइतकें झालें तर तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांनीं कलतो. अशा वेळीं पंपाच्या नळीचें तोंड उघडें पडतें, तेलाऐवजीं हवा ओढली जाते, आणि बेअरिंगें जळावयास फार वेळ लागत नाहीं. म्हणून अशा गाड्यांत ड्राय सम्पची योजना करतात. एक पंप बुडाशीं पडलेलें तेल तात्काळ उपसून टाकींत टाकतो व दुसरा तें टाकींतून इंजिनास पुरवितो. बुडाचें पात्र उथळ झाल्यानें इंजिनही खालीं बसवितां येतें, हा दुसरा लाभ. मात्र उपसलेल्या तेलांत फेंस पुष्कळ असतो. तो विरावा म्हणून टाकी उंच व अरुंद असलेली बरी, आणि परत येणारें तेल वरच्या बाजूनें, टाकीच्या भिंतीला लागून गोल फिरत उतरेल असें सोडावें.

आतां जागेचा प्रश्न. दहा लिटर तेलाचें वजन सुमारें नऊ किलो भरतें. टाकी व नळ्या धरून बारा किलो समजूं. अर्ध्या टनाच्या गाडीत बारा किलो म्हणजे कांहींच नव्हे, असें कोणी म्हणेल. पण लांब काठी मध्यावर आडवी धरून तिच्या दोन्ही टोकांस पाण्याचे तांबे बांधावे व ती उजवीडावीकडे झटक्यानें फिरवून पाहावी. मग तेच तांबे मुठीजवळ आणून पुन्हा फिरवावी. वजन तेंच असतें, परंतु मनगटास फरक लगेच कळतो. गाडी वळविण्यास होणारा हा विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. बारा किलोचा भार गुरुत्वमध्यापासून ०.८ मीटरवर असतां हिशेब ७.७ येतो, १.६ मीटरवर तोच ३०.७ होतो. अंतर दुप्पट, विरोध चौपट ! सामानाच्या खणांतील रिकाम्या जागेची किंमत ती ही.

कॉलिन चॅपमन यांनीं १९५७ सालीं पुढें आणलेली लोटस सेव्हन ही गाडी, व १९७३ नंतर केटरहॅम कंपनीनें चालविलेली तिची परंपरा, हें या विषयाचें उत्तम उदाहरण आहे; कारण तींत जागा जवळजवळ नाहींच. कोणी टाकी इंजिनाच्या पुढें नाकांत बसवितो. तेथें थंड हवा मिळते, पण भार टोंकाकडे जातो, आणि समोरून धक्का बसला तर तेलाची टाकी सर्वांआधीं फुटावयाची. दुसरी रीत अशी कीं, क्लच ज्या घंटेच्या आकाराच्या आवरणांत फिरतो तेथेंच टाकी घडवावयाची. भार खालीं व मध्याजवळ येतो, नळ्या आंखूड होतात. टाकीला उंची मिळत नाहीं व क्लचची ऊब सोसावी लागते, हें खरें. तरी माझा कौल या दुसऱ्या रीतीला आहे.

परंतु मला अधिक विचार करावयास लावला तो पोर्शे ९११ या गाडीच्या इतिहासानें. या गाडीचें इंजिन मागच्या आंसाच्याही मागें लोंबतें, आणि तेलाची टाकी मागच्या उजव्या चाकाच्या मागें होती. म्हणजे जड शेपटाला आणखी भार. तो दोष कमी करण्यासाठीं १९६९ च्या नमुन्यांत मागचीं चाकें ५७ मिलिमीटर मागें नेण्यांत आलीं. पुढें १९७२ च्या नमुन्यांत टाकी उचलून त्याच चाकाच्या पुढें, दोन्ही आंसांच्या आंत आणली. शास्त्रदृष्ट्या हें योग्यच होतें. तेल भरण्यासाठीं गाडीच्या उजव्या अंगास, दाराच्या मागें, एक लहानसें झांकण ठेवलें. आणि १९७३ च्या नमुन्यांत टाकी पुन्हा जुन्या जागीं गेली ! याचें कारण नेहमीं सांगण्यांत येतें तें असें कीं, पेट्रोलपंपावरील नोकर त्या झांकणांतून पेट्रोल ओतूं लागले. तेलांत पेट्रोल मिसळलें कीं तेल पातळ होऊन त्याचा वंगणाचा गुण जातो, मग इंजिनाची काय गत होणार हें सांगावयास नको.

ही गोष्ट सांगणारे बहुधा त्या नोकरांस हंसतात. मला त्यांत हंसण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. दिवसभर उन्हांत उभ्या असलेल्या माणसाच्या हातास जी संवय असते ती शेंकडों गाड्यांनीं लाविलेली असते, आणि मागच्या चाकाजवळचें झांकण म्हणजे पेट्रोलचें, हा त्या शेंकडों गाड्यांचाच धडा. या गाडीचें पेट्रोलचें झांकण पुढें डाव्या बाजूस होतें, हें त्यास कोणी सांगितलें होतें ? चूक झांकण योजणाराची होती; तिचें खापर मात्र सर्वांत कमी पगाराच्या माणसावर फुटलें.

माझें दुसरें म्हणणें याहून तांत्रिक आहे. टाकीची जागा व टाकीचें तोंड हे दोन निराळे प्रश्न आहेत. टाकी आंसांच्या आंत ठेवून तिची मान इंजिनाच्या कप्प्यांत नेली असती, म्हणजे तेल भरणारास आधीं तें दार उघडावें लागलें असतें, तर चांगली जागा सोडण्याचें कारण उरलें नसतें. मान लांब झाली असती व थोडें वजन वाढलें असतें, एवढेंच. वाईट तोंडासाठीं चांगली जागा टाकली गेली, असें माझें मत आहे. मोटारींचे जाणकार यावर वाद घालतील, तो त्यांनीं खुशाल घालावा.

हें सर्व लिहून झाल्यावर त्या विद्यार्थ्याची आकृति मीं वहींतून पुन्हा काढून पाहिली. त्यानें टाकी नीट रेखाटली होती, नळ्याही दाखविल्या होत्या. झांकण मात्र काढलेंच नव्हतें. त्या दिवशीं वर्गांत तें कोणाच्याही ध्यानांत आलें नाहीं, माझ्याही नाहीं.