सावलीचा खर्च आरोग्यातच धरा

२०२० च्या फेब्रुवारीत बीडजवळ पालवणच्या डोंगरावर वृक्षसंमेलन भरले. अध्यक्षस्थानी होता वड. अभिनेते सयाजी शिंदे, लेखक अरविंद जगताप आणि वनविभाग यांच्या पुढाकाराने उजाड माळावर उभ्या राहिलेल्या ‘सह्याद्री देवराई’त हा सोहळा झाला. राज्यात सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांत बीड मोडतो. त्यामुळे ज्याचा उन्हाळा पत्र्याखाली जातो, त्या इथल्या माणसाला झाडाचे मोल समजावून सांगावे लागत नाही.

तरीही झाडांचा विषय निघाला की तो पर्यावरण दिनाच्या खड्ड्यापाशी आणि फोटोपाशी संपतो. आमच्या मते तो आरोग्याचा, त्यातही मनाच्या आरोग्याचा विषय आहे. दुष्काळ, कर्ज, ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर आणि शेतकरी आत्महत्या यांनी या जिल्ह्याचे मन पोखरले आहे. म्हणूनच २०१५ साली सरकारने सुरू केलेल्या ‘प्रेरणा’ समुपदेशन प्रकल्पात बीडचा समावेश करावा लागला. झाडाखाली बसून कर्ज फिटत नाही. पाणी, शेतमालाचा भाव, समुपदेशक आणि औषधे यांना झाड हा पर्याय नव्हे. पण सतत ताणाखाली असलेल्या मनाला रोज थोडी उसंत मिळाली, तर टिकून राहणे सोपे जाते.

रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास मांडला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या काही रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत, तर काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले, त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. पुढे २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या पाहणीत, आठवड्याला किमान दोन तास निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. हे दोन तास सलग की थोडेथोडे, याने फरक पडला नाही. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, हे खरे. पण रोजची पंधरा-वीस मिनिटे फार महाग नाहीत.

ती मिळणार कुठे, हा बीडकरांचा प्रश्न आहे. आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी दवाखान्याच्या आवारात दुपारी पाहा. लिंबाखाली चादर अंथरून बसलेली बाई, शेजारी स्टीलचा डबा, मांडीवर पेंगलेले पोर. वॉर्डात आत तिचे माणूस आणि बाहेर तिला टेकायला तेवढा एक बुंधा. बांधकामासाठी तो लिंब पाडला, तर तिचे काय गेले हे कुठल्याच अहवालात येत नाही. अभ्यासिकेत बारा-बारा तास कोंडून घेणाऱ्या स्पर्धा परीक्षेच्या पोरापोरींचेही तसेच. पालवणला जायला गाडी हवी, वेळ हवा. बाईमाणसाला तर घरातून मोकळीकही हवी. म्हणून देवराई हवीच, पण चालत गाठता येईल अशी सावलीही हवी. बिंदुसरा नदी बीड शहरातून वाहते. घाण पाणी आणि कचरा रोखून तिच्या काठाने झाडी आणि पायवाट केली, तर कितीतरी वस्त्यांना घराजवळ फिरायला जागा मिळेल.

त्यासाठी नवा कायदा नको. नागरी क्षेत्रातील वृक्षांच्या जतनाचा १९७५ चा कायदा वृक्ष प्राधिकरण नेमायला आणि दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायला सांगतो. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई इथल्या पालिकांनी शेवटची गणना कधी केली आणि वारसा वृक्ष किती नोंदवले, ते जाहीर करावे. मोजणीइतकेच झाडे जगवणेही महत्त्वाचे. पालवणच्या देवराईलाही पुढे आगीची झळ बसली. लावलेले जगवणे किती अवघड, हे तेव्हा दिसले. यंदा रोपांच्या खरेदीआधी मार्च ते जूनच्या टँकरची आणि राखणदाराच्या पगाराची तरतूद करावी, आणि तिची सुरुवात दवाखान्यांच्या आवारापासून व्हावी.