शब्दांशी गप्पा : कंपनी आणि पाव



मागच्या आठवड्यात भाचीचा फोन आला. नोकरीसाठी नोएडाला जाऊन तिला तीन महिने झालेत. म्हणाली, "मावशी, कंपनी चांगली आहे गं, पण जेवायला कुणाची कंपनी नाही. रूममेट आहे, पण मी अंडी करते म्हणून ती आपलं ताट घेऊन खोलीत जाते. मी आणि मोबाइल!"

एका दमात दोन 'कंपन्या' आल्या. दोन्हींचं मूळ एकच आहे, आणि तेही जेवणातलंच.

लॅटिनमध्ये 'कॉम' म्हणजे सोबत आणि 'पानिस' म्हणजे पाव, भाकरी. जो आपल्यासोबत भाकरी खातो तो 'कंपॅनिओ'. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला आणि 'कंपॅनियन' झाला. त्यालाही आता सातशे वर्षं झाली. अशा सोबत्यांचा जमाव म्हणजे कंपनी. पुढे सैन्याच्या तुकडीला आणि भागीत व्यापार करणाऱ्यांनाही तेच नाव पडलं. १६०० साली लंडनमध्ये स्थापन झालेली ईस्ट इंडिया कंपनी त्यातलीच. (तिने कुणाची भाकरी खाल्ली ते आपल्याला ठाऊक आहेच!)

खरी गंमत पुढे आहे. याच 'पानिस'चं पोर्तुगीजांकडे 'पांव' झालं आणि त्यांच्याबरोबर ते आपल्या किनाऱ्यावर उतरलं. तोच आपला पाव. पायाने मळतात म्हणून पाव, असं लहानपणी आपल्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. त्यात तथ्य नाही. वडापावातला पाव आणि 'कंपॅनियन'मधला 'पॅन' ही चक्क भावंडं आहेत.

पण सोबत्याला नाव देणाऱ्या या पावानेच आपल्याकडे माणसं तोडलीसुद्धा. वसईकडे जुनी गोष्ट सांगतात. विहिरीत कुणीतरी पाव टाकला, नकळत ते पाणी प्यायलेले लोक 'बाटले' ठरले आणि त्यांच्याच माणसांनी त्यांना वाळीत टाकलं. गोष्ट किती खरी ते सोडा, ती सगळ्यांना पटत आली हेच मला जास्त बोचतं. कुणाशी रोटीव्यवहार करायचा आणि कुणाशी नाही, हे आपल्याकडे जातीवर ठरत होतं. म्हणून तर अनंत हरी गद्रे यांनी जातिभेद मोडायला झुणका-भाकरीची सहभोजनं घातली. भाषणं ऐकून लोक घरी जातात. शेजारी बसून घास घ्यायचा म्हटलं की खरी परीक्षा!

हे सगळं मी भाचीला ऐकवलं. ती म्हणाली, "म्हणजे माझी रूममेट नुसती 'रूम'मेटच!" आणि हसली.

रविवारी तिचा फोटो आला. टेबलावर दोन ताटं, चार वडापाव, तळलेल्या मिरच्या. खाली लिहिलं होतं : तवा नवीन आणलाय, अंडी जुन्यावर.