पलटणीची वंशावळ आणि शिपायाची वंशावळ

दरवर्षी १ जानेवारीच्या पहाटे कोपर स्थानकावर निळे झेंडे घेतलेली माणसे दिसतात. कल्याणला उतरून ती पुण्याकडची गाडी धरतात आणि पुढे भीमेकाठच्या कोरेगावला जातात. त्याच वेळी स्थानकापासून खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या वस्तीतील काही मुले धावत असतात. त्यांना सैन्यात भरती व्हायचे आहे. ही दोन दृश्ये मी अनेक वर्षे वेगवेगळी पाहत आलो. ती एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत, हे ध्यानात यायला मला बराच वेळ लागला. मी अर्थशास्त्राचा शिक्षक होतो. लष्करी इतिहास हा माझा प्रांत नव्हे. परंतु पलटण ही जशी लढणारी संस्था आहे तशीच ती पगार व पेन्शन देणारी संस्था आहे, आणि तेवढ्यापुरता मला बोलण्याचा अधिकार आहे असे मी समजतो.

इंग्रजी धर्तीच्या प्रत्येक पायदळ रेजिमेंटला स्वतःची वंशावळ असते. पलटण कोणत्या साली उभी राहिली, तिचा नंबर कितव्यांदा बदलला, ती कोणत्या पलटणीत विलीन झाली, कोणते युद्धसन्मान तिच्या निशाणावर चढले, याची नोंद कुळाच्या बखरीसारखी ठेवली जाते. माणसे मरतात, निवृत्त होतात. पलटण मात्र अखंड चालू राहते असे मानले जाते. ही कल्पना मोठी आकर्षक आहे. पण ती कोरेगावला लावून पाहिली की तिच्यातील भेग दिसू लागते.

१ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टॉन्टनच्या हाताखाली कोरेगावात लढली ती मुंबईच्या देशी पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन. सुमारे ५०० पायदळ, अडीचशेच्या आसपास घोडेस्वार आणि मद्रासचे २४ गोलंदाज एवढेच तिचे बळ होते. तेथील विजयस्तंभावर पडलेल्यांची ४९ नावे कोरलेली आहेत. त्यांतील २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, म्हणजे ती महार शिपायांची नावे आहेत. बाकीच्यांत मराठे आहेत, मुसलमान आहेत, इतरही आहेत. आता रेजिमेंटच्या वंशावळीचा धागा धरून पुढे जा. या पलटणीला ग्रेनेडियर हे बिरुद मिळाले, १९०३ च्या नव्या क्रमांकवारीत ती १०२ वी ग्रेनेडियर्स झाली आणि १९२२ साली चौथ्या बॉम्बे ग्रेनेडियर्सची दुसरी बटालियन झाली. म्हणजे कागदोपत्री कोरेगावचा वारसा आला तो ग्रेनेडियर्सकडे. या रेजिमेंटचे केंद्र आज जबलपूरला आहे आणि तिची भरती मुख्यत्वे उत्तरेकडील जाट, राजपूत, मुसलमान अशा समाजांतून होत आली. त्या जवानांच्या शौर्याविषयी कोणाच्याही मनात किंतु असू नये. प्रश्न एवढाच आहे की स्तंभावर ज्यांची नावे आहेत त्यांची नातवंडे पंतवंडे कोठे गेली?

ती घरी पाठवली गेली. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती होता आणि काही जाती लढवय्या व काही जाती बिनलढवय्या या सिद्धांतावर त्याचा दृढ विश्वास होता. इंग्लंडात १८८१ साली पायदळाच्या रेजिमेंटांना परगण्यांची नावे देण्यात आली. येथे १८९२ च्या सुमारास पलटणींची मांडणी जातीवर करण्यात आली. तिकडे गाव, इकडे जात. नव्या मांडणीत महारांची भरती बंद झाली. कोरेगावला उणीपुरी पंचाहत्तर वर्षे होत होती. एवढ्या अवधीत तेच रक्त अचानक भित्रे कसे झाले, याचा खुलासा कोणी केला नाही.

या हुकुमाने काय हिरावले गेले ते मानापमानाच्या भाषेत सांगितले जाते. मला ते रोख रकमेच्या भाषेत सांगावेसे वाटते. गावगाड्यातील महाराला वतनाच्या बदल्यात राबावे लागे आणि मोबदला बलुत्याच्या रूपाने, म्हणजे दुसऱ्याच्या मर्जीने मिळे. पलटणीचा पगार महिन्याच्या महिन्याला नाण्यात मिळे आणि पेन्शन मरेपर्यंत मिळे. गावाच्या मर्जीबाहेर असलेले हे पहिले उत्पन्न. त्यासोबत शाळा होती, कारण पलटणीतल्या मुलांमुलींना शिकवणे सक्तीचे होते. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते, आणि त्यांच्या पत्नी भीमाबाई यांचे माहेर मुरबाडकर सुभेदारांचे. हे मुरबाड आपल्या कल्याणहून एसटीने गाठता येते. महूच्या छावणीत १८९१ साली बाबासाहेबांचा जन्म झाला तेव्हा हा दरवाजा जवळजवळ मिटलेला होता. एका पिढीने उशीर झाला असता तर काय झाले असते याची कल्पना वाचकांनीच करावी.

दापोली ही तर पेन्शनर शिपायांची वसाहतच. तेथून गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त सैनिकाने १८९४ साली अर्ज करून भरती पुन्हा सुरू करण्याची मागणी केली. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. हे अर्ज केवळ राजनिष्ठेचे नमुने म्हणून बाजूला टाकण्याची सवय आपल्यातील काही विद्वानांना आहे. मला ते रोजगाराच्या हक्कासाठी केलेले अर्ज वाटतात. भाषा तेवढी त्या काळाची.

साम्राज्याचे कान उघडले ते युद्ध सुरू झाल्यावर. माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, खर्चाला कात्री लागली आणि १९२१ पर्यंत ती मोडीत निघाली. पुढचे युद्ध आले तेव्हा १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभारण्यात आली. डॉ. आंबेडकर तेव्हा संरक्षणविषयक सल्लागार समितीवर होते. मंदीत काढून टाकायचे, तेजीत हाक मारायची, ही कारखानदारांची रीत आपण गिरणगावात पाहिलेली आहे. लष्करातील राखीव मजुरांची फौज म्हणतात ती हीच.

या नव्या रेजिमेंटने आपल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ कोरला. कागदावरच्या वंशावळीने जे नाते नाकारले ते तिने टोपीवर मिरवले. पुढे तो स्तंभ जाऊन त्या जागी खंजीर आला. स्वतंत्र देशाच्या सैन्याला ते योग्य वाटले असेल, मी त्यावर वाद घालत नाही. रेजिमेंटचे केंद्र सागरला आहे, इतर समाजांची भरती तिच्यात झाली, जनरल कृष्ण राव व जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख तिच्यातून आले आणि मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना १९८७ च्या श्रीलंकेतील कामगिरीबद्दल मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

शेजारच्या मराठा लाइट इन्फंट्रीची कथा याच्या उलट. १७६८ साली मुंबईत उभारलेल्या शिपाई पलटणीपासून तिची साखळी अखंड आहे. १९१६ साली कुतला तिच्या पूर्वजांपैकी काही पलटणी उपाशीपोटी शरण गेल्या, १९४४ साली यशवंत घाडगे इटलीत पडले, पण साखळी कोणी तोडली नाही. कोकणातल्या मराठा कुणब्यालाही गिरणी, बोट किंवा पलटण याखेरीज रोख पैसा नव्हता. त्याची गरिबी काही वेगळी नव्हती. फरक केला तो भरती करणाऱ्याच्या वहीने.

कोरेगावावरून दर वर्षी वाद होतो आणि २०१८ साली तर तेथे हिंसाचार झाला. एक बाजू शिपायाला फितूर म्हणते, दुसरी त्याला केवळ जातिमुक्तीचा सैनिक म्हणते. पेशव्यांच्या बाजूने अरब लढले, तेही पगारीच होते. जो समाज एखाद्याला दुसरे काम देत नाही त्याने तो कोणाच्या नोकरीत गेला हे विचारावे, यासारखा कोडगेपणा नाही. मात्र त्याच वेळी इंग्रजांना मुक्तिदाते ठरवणाऱ्यांनी १८९२ आणि १९२१ या दोन सालांचेही स्मरण ठेवले पाहिजे.

आता खाडीकडे धावणाऱ्या मुलांकडे येतो. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. साडेसतरा ते एकवीस वर्षांचा मुलगा चार वर्षांसाठी घ्यायचा, पंचवीस टक्क्यांपर्यंत निवडक ठेवायचे, बाकीच्यांना सुमारे पावणेबारा लाख रुपये देऊन निरोप द्यायचा. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. यातील निम्मी रक्कम त्याच्याच पगारातून कापलेली असते. भरती सर्व वर्गांतून खुली करण्याचे जे तत्त्व या योजनेत सांगितले आहे, त्याचे मी स्वागत करतो. जातीच्या नावाने नव्या पलटणी मागणाऱ्यांशी माझे कधीच जमले नाही. परंतु दार सर्वांना खुले करून आतली नोकरीच कंत्राटी करणे, याला सुधारणा म्हणता येत नाही. ज्या पेन्शनीने दापोलीचा पेन्शनर गावगाड्यापासून मोकळा झाला, तीच येथे वगळलेली आहे. आपल्या संघटनेने कंत्राटी कामगाराच्या मागण्यांत हा विषय घेतलेला मला आढळत नाही. सैन्य म्हटले की आपण अवघडतो. हा संकोच सोडून कार्यकर्त्यांनी भरतीच्या मैदानावर जावे आणि त्या मुलांशी बोलावे.

आमच्या इमारतीत महार रेजिमेंटचे एक निवृत्त हवालदार राहतात. त्यांचा नातू त्या धावणाऱ्यांत आहे. निवड झाली तर कदाचित आजोबांच्याच पलटणीत जाईल आणि चार वर्षांनी चौघांतील तिघांप्रमाणे परतही येईल. नियमाप्रमाणे अशा परतलेल्याला माजी सैनिकाचा दर्जा नाही. हवालदारांना ते मी समजावून सांगितले, तेव्हा त्यांनी विचारले, “मग सर, त्याला म्हणायचे तरी काय?”