कुंडी बदललेल्या वामनवृक्षास खत नको, विसावा हवा

बोन्साय, म्हणजे उथळ कुंडीत वाढविलेला वामनवृक्ष, हा शहरी हौसेचा विषय मानून ग्रामपातळीवरील कार्यकर्ते त्याकडे दुर्लक्ष करतात. ते योग्य नव्हे. मुंबईच्या काळाचौकी, लालबाग, परळ या गिरणभागांत कोकणातून व घाटावरून आलेली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. चाळीच्या अरुंद गॅलरीत तुळशीशेजारी एखाद्याने वीस वर्षे जोपासलेला वड किंवा नांदरूक असतो. कुंडी बदलल्यावर आठ-दहा दिवसांत त्याची पाने पिवळी पडून गळू लागली, की गावाकडील शेतकरी नातलगाचा सल्ला घेतला जातो. आणि 'पाणी वाढवा, थोडा युरिया टाका' असे सांगितले गेल्यास तोच सल्ला झाडाच्या जिवावर उठतो.

कुंडी बदलताना मुळांचा बराच भाग छाटला जातो. पाणी शोषणारी तंतुमुळे त्यातच जातात. पाने मात्र पूर्वीइतकीच राहून ओलावा बाहेर टाकीत असतात. हा मेळ बसविण्यासाठीच झाड पाने गाळते. अशा वेळी घातलेल्या रासायनिक खताच्या क्षारांनी मुळांतील ओलावा उलट बाहेर ओढला जातो आणि साचलेल्या पाण्यात जखमी मुळे कुजतात. वांग्या-मिरचीचे रोप लावणीनंतर मान टाकते, तेव्हा जाणता शेतकरी त्यावर सावली धरतो, खताची मूठ टाकीत नाही. तोच न्याय येथे का नसावा?

१९८२ च्या संपानंतर बंद पडलेल्या गिरण्यांच्या भिंतींतून वड-पिंपळ मूठभर मातीवाचून वाढलेले काळाचौकीकरांनी पाहिले आहेत. ही जात खताची भुकेली नव्हे.

प्रथम फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे दिसल्यास झाड जिवंत आहे. ते पश्चिमेच्या उन्हातून व वाऱ्यातून हलवून उजेडाच्या सावलीत ठेवावे. खोड हलत असल्यास सुतळीने कुंडीस बांधावे, कारण हलत्या झाडाची कोवळी मुळे तुटतात. मातीत बोट घालून वरचा थर सुकल्याचे पाहावे आणि मगच तळाच्या छिद्रांतून निथळेपर्यंत पाणी द्यावे. रोपवाटिकेतील चिकट लाल माती उथळ कुंडीत पाणी धरून ठेवते. बहुतेक झाडे तिच्यापायीच दगावतात. मुळे काळी, मऊ व दुर्गंधीयुक्त असतील तरच झाड पुन्हा उपसावे, कुजका भाग कापावा आणि जाड रेती व विटांचा चाळलेला चुरा यांत लावावे. एरवी मुळांना हात लावू नये. उपसून पाहण्याची उत्सुकता फार महाग पडते.

ही कला चीन-जपानकडून आली. तेथील पाइन वृक्षांची कुंडी हिवाळ्याअखेर बदलतात, म्हणून आपल्या वडासही तोच काळ नेमणे हा पुस्तकी हट्ट होय. उष्ण प्रदेशातील झाडास ऊब व दमट हवा मानवते. मुंबईत पावसाळ्याचा आरंभ त्यास उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत कुंडी बदललेले झाड मात्र पहिल्या सरींपर्यंत सावलीतच ठेवावे. नवी पालवी फुटून पाने पक्की झाल्यावर त्यास प्रथम सकाळचे ऊन द्यावे आणि त्यानंतर काही आठवड्यांनी पातळ शेणकाला. पुढील दोन वर्षे कुंडी बदलू नये.