चमक पाहू नका, नळाचे वजन पाहा

घर बांधताना माणूस सिमेंट-सळईची चौकशी दहा ठिकाणी करतो, टाइल्सचा रंग घरातल्या सगळ्यांना विचारून ठरवतो आणि नळाची पाळी आली की "प्लंबर आणील ते चालेल" म्हणून मोकळा होतो. वास्तविक घरात नळाइतकी दिवसातून अनेक वेळा फिरवली जाणारी दुसरी वस्तू नाही. दरवाजाची कडीसुद्धा इतकी हलत नाही. तरीही खरेदीत सर्वांत कमी विचार नळाचाच होतो. याचा फायदा बाजार घेतो आणि नुकसान गिऱ्हाइकाचे होते.

मी कापडाचा व्यापारी. आमच्या धंद्यात एक जुनी युक्ती आहे. विरळ कापडाला भरपूर खळ द्यायची, म्हणजे ठाण हातात भरगच्च लागते. पहिल्या धुण्यात खळ निघून जाते आणि उरते ती जाळी. नळावरचा चकचकीत मुलामा म्हणजे अशीच खळ होऊ शकते. आतील धातू चांगला असेल तर मुलामा त्याची शोभा वाढवतो, धातू हलका असेल तर मुलामा फक्त ऐब झाकतो.

आत कोणता धातू आहे?

बाजारात मुख्यतः तीन प्रकारचे नळ मिळतात: पितळेचे, जस्ताच्या मिश्रधातूचे आणि प्लॅस्टिकचे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. ते पाण्यात लवकर खराब होत नाही, आटे पक्के राहतात आणि दुरुस्तीला पाना लावला तरी बॉडी तुटत नाही. जस्ताचा मिश्रधातू स्वस्त असतो, साच्यात सुबक उतरतो, मुलामाही छान धरतो. पण सतत पाण्यात, विशेषतः गरम पाण्यात, तो आतून झिजतो आणि एक दिवस आट्याजवळच तुटतो. नळाची मूठ जस्ताची असली तर हरकत नाही, कारण तिच्यातून पाणी जात नाही. बॉडी मात्र पितळेचीच हवी.

ओळखायचे कसे? लोक लोहचुंबक लावून पाहतात. चुंबक चिकटला नाही म्हणजे पितळ, असे समजणे चूक आहे, कारण चुंबक जस्तालाही चिकटत नाही. चुंबकाने फक्त लोखंड ओळखता येते. खरी पारख वजनाची. पितळ जस्तापेक्षा सुमारे सव्वापट जड असते. एकाच आकाराचे दोन नळ दोन हातांत घ्या, जमल्यास काट्यावर ठेवा. मग पाणी आत शिरते त्या तोंडातून पाहा. मुलामा नसलेला भाग पिवळा दिसला तर पितळ, राखाडी-पांढरा दिसला तर जस्त. त्याचबरोबर आयएसआय मार्क पाहा. पितळेच्या फॅन्सी नळांसाठी आयएस 8931 आणि साध्या स्क्रूच्या नळांसाठी आयएस 781 हे मानक आहे. मार्कखालील परवाना क्रमांक खरा की खोटा, हे आता बीआयएस केअर ॲपवर मिनिटभरात कळते.

पाणी कसे, तसा नळ

जुन्या नळात रबरी वॉशर असतो. तो झिजतो, पण थोड्या पैशांत बदलता येतो. नव्या नळात सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या असतात. पाव फेऱ्यात नळ उघडतो आणि बंद होतो, जोर लावावा लागत नाही. मात्र वाळूचा कण त्या चकत्यांत गेला की त्यांवर ओरखडा पडतो आणि नळ गळू लागतो. म्हणून नवीन पाइपलाइन टाकल्यावर आधी पाणी सोडून ती धुऊन काढा, मगच नळ बसवा. बोअरच्या पाण्यात रेती येत असेल तर टाकीजवळ जाळी लावा, नाहीतर साधा वॉशरचा नळच बरा.

दाबाचाही हिशोब करा. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे एक बार असतो. एकमजली घराची टाकी नळाच्या तीन मीटर वर असेल तर दाब जेमतेम 0.3 बार मिळतो. शोरूममध्ये पंपावर धो धो चालणारा एका मुठीचा मिक्सर अशा घरात फक्त ठिबकेल.

पैसा थोडा असेल तर क्रम ठरवा. सर्वांत आधी भिंतीच्या आत जाणारा माल उत्तम घ्या, कारण तो गळला तर टाइल्स फोडाव्या लागतात. नंतर रोजच्या वापराचे नळ, आणि शोभेचे सर्वांत शेवटी. सुटे भाग आपल्या गावात मिळतात का, हे पैसे देण्यापूर्वीच विचारा.

थेंबाची किंमत

गळका नळ लहान गोष्ट वाटते. त्याखाली पेला ठेवून पाहा. 200 मिलिलिटरचा पेला दहा मिनिटांत भरत असेल तर दिवसाला जवळजवळ 29 लिटर आणि वर्षाला साडेदहा हजार लिटर पाणी वाया जाते. म्हणजे दहा हजार लिटरचा एक टँकर भरून थोडे उरतेच! मशिदीच्या वजूखान्यात तर दिवसातून पाच वेळा शेकडो हात नळ फिरवतात. वजूतही पाण्याची उधळपट्टी नको, अशी आपली शिकवण आहे. मग विश्वस्तांनी वजूखान्यासाठी सर्वांत कमी भावाचे कोटेशन मंजूर करणे कितपत योग्य? तिथे साधा, जड आणि दुरुस्त होणारा नळच हवा.

दुकानदार आणि कारागीर बंधूंना

काही जण म्हणतील, गरीब गिऱ्हाइकाला पितळ परवडत नाही. बरोबर आहे. त्याला चांगल्या प्रतीचा प्लॅस्टिकचा नळ द्या. तो गंजत नाही, खाऱ्या पाण्यातही टिकतो. प्लॅस्टिक म्हणून विकलेले प्लॅस्टिक हा हलालीचा सौदा आहे. पितळ म्हणून विकलेले जस्त ही फसवणूक आहे, मग नफा दोन रुपये असो की दोनशे. भाव कमी असणे हा ऐब नाही, मालाचा ऐब लपवणे हा ऐब आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. दुकानदाराने पक्क्या बिलावर बॉडीचा धातू आणि वजन लिहून द्यावे. गिऱ्हाइकाने ते मागावे आणि बिल जपून ठेवावे, कारण त्याशिवाय वॉरंटीला अर्थ नाही. प्लंबर बंधूंनी दुकानाच्या कमिशनवर नळ सुचवू नये, आपली मजुरी उघडपणे आणि पुरेशी मागावी. गळणाऱ्या नळाखाली शिव्या खातो तो प्लंबरच, कमिशन देणारा दुकानदार नव्हे.

कापड असो की नळ, गिऱ्हाईक एकदा चमकेला भुलते. दुसऱ्यांदा ते दुकानाची पायरी चढते ते मालाच्या वजनावर आणि व्यापाऱ्याच्या जबानीवर.