ताम्हणाचे सोयरे

ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प, हे उत्तर मंद्रूपचा विद्यार्थी परीक्षेपुरते पाठ करतो. ते झाड त्याने पाहिलेले असेलच असे नाही. ताम्हण मूळचे कोकणातील ओढ्याकाठचे, सह्याद्रीच्या ओलाव्यातले. दक्षिण सोलापूरच्या कोरड्या शिवारात ते आपण होऊन उगवत नाही. मग या मानचिन्हाशी या मातीचे नाते कोणते?

नाते कुळाचे आहे. ताम्हण मेंदीच्या कुळातले. शास्त्रीय परिभाषेत लिथ्रेसी. (त्याच्या प्रजातीस लिनियसने आपल्या स्वीडिश मित्राचे, लागरस्ट्रोमचे नाव दिले; आपल्या मुलांनी ताम्हण हेच नाव जपावे.) डाळिंबाचे कुळ पूर्वी निराळे मानीत; जनुकीय अभ्यासानंतर तेही याच कुळात आले. ज्याची पत्री गणेशपूजेत वाहिली जाते, ज्याच्यासाठी २००५ साली सोलापुरात राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले, ते डाळिंब राज्यपुष्पाचे भाऊबंद ठरते. नागपंचमीला लेकीबाळींच्या हाती रंगणारी मेंदी आणि आसवारिष्टांत पडणारी धायटीची फुले हीही त्याच घराण्यातली.

डाळिंबाचे फूल हाती घेऊन पाहावे. चुरगळलेल्या रेशमासारख्या त्या पाकळ्या ताम्हणाच्याही आहेत. फरक रंगाचा, एक शेंदरी तर दुसरे जांभळे. हा धडा मंद्रूपच्या शिक्षकास बांधावरच देता येईल. समारंभापुरते ताम्हणाचे रोप लावून ते वैशाखात वाळू देण्यापेक्षा शाळेने कुंपणास मेंदी व अंगणात डाळिंब लावावे. ताम्हण लावायचेच तर ते हातपाय धुण्याच्या नळाच्या ओलीला लावावे.